जंबील, मुदपाक आणि बिदरची माती

अकबराच्या स्वयंपाकघरात जर्द बिरिंज शिजायचं तेव्हा दहा शेर तांदळाला पाच शेर खडीसाखर आणि साडेतीन शेर तूप पडायचं. बेदाणे, बदाम आणि पिस्ते प्रत्येकी अर्धा शेर, मीठ पाव शेर, त्याच्या निम्मं आलं, शिवाय केशर आणि दालचिनी. एवढ्यातून चार ताटं निघायची. खिचडीचा हिशेब याहून सोपा आहे. तांदूळ, डाळ आणि तूप, तिन्ही पाच-पाच शेर. ताटं सात. डाळीइतकंच तूप? होय, मीही दोनदा पाहिलं.

हे आकडे अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'तले आहेत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेला हा ग्रंथ आपण शाळा-कॉलेजात महसूल आणि मनसबदारीपुरता शिकतो. हा दरबारी स्वयंपाकघरातही शिरतो, तिथं जिन्नस मोजतो, हे सहसा कुणी सांगत नाही. मला त्या पानांकडं परत जावं लागलं ते एका व्हिडिओ गेममुळं.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात गेम बनवतो. त्याच्या मंडळींच्या डोक्यात एक काल्पनिक दख्खन आहे. किल्ले, सुलतान, जिन्न, तिलिस्म, सगळं आहे आणि त्यातलं काहीही नकाशावर नाही. खेळणारा मुशाफिर गावोगाव हिंडतो, वस्तू गोळा करतो, त्यांच्यातून हत्यारं-कपडे-औषधं बनवतो, चूल पेटवून रांधतो. विद्यार्थ्याचं म्हणणं एवढंच होतं की सर, आपल्याकडं पूर्वी लोक काय काय बनवायचे आणि कशापासून, त्याची यादी द्या. यादी मी दिली. पण देता देता जे सुचत गेलं ते यादीत मावेना, म्हणून हा लेख.

ज्यांच्या घरात आठवी-नववीतलं पोर नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. या प्रकाराला 'क्राफ्टिंग' म्हणतात. 'माइनक्राफ्ट' हा २०११ साली पूर्ण रूपात आलेला खेळ. त्यात तीन बाय तीनची चौकट असते. तिच्या वरच्या ओळीत तीन दगड आणि मधोमध खाली दोन काड्या ठेवल्या की कुदळ तयार. 'झेल्डा' मालिकेतल्या २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये पातेल्यात पाचपर्यंत जिन्नस टाकता येतात. पातेलं हलतं, चार सूर वाजतात, पदार्थ बाहेर येतो. तो खाल्ला की नायकाची जखम भरते. माझ्या वर्गातल्या पोरांना हे सगळं तोंडपाठ आहे. त्यांना वृत्तं का पाठ होत नाहीत, हा वेगळा विषय.

आता अबुल फजलचा तक्ता पुन्हा पाहा. जिन्नस, त्यांचं प्रमाण आणि हाती काय लागेल त्याची संख्या. गेमवाल्यांच्या एक्सेल शीटमध्ये याहून वेगळं काही नसतं. त्यानं पदार्थांचे तीन वर्गही पाडले आहेत: बिनमांसाचे, मांस आणि तांदूळ एकत्र असलेले, आणि मांस मसाल्यात शिजवलेले. पाणी गार करायची कृतीही दिली आहे. धातूच्या सुरईत पाणी भरून ती सोरा कालवलेल्या पाण्यात फिरवायची. तोफेच्या दारूत आग भडकवणारा सोरा बादशहा पाणी गार करायला वापरतो, याची अबुल फजलला गंमत वाटली आहे. गेमवाल्याला तर हे घबाडच. एकच जिन्नस, दोन उलटी टोकं.

मी विद्यार्थ्याला ही पानं पाठवली आणि तो खूश झाला. मला मात्र त्या पानांत एक जागा मोकळी दिसत होती. जेवण कुणाच्या देखरेखीखाली जायचं, कुठल्या थाळीला लाल कापड आणि कुठल्या थाळीला पांढरं, मोहोर कोण लावायचं, आधी चाखायचं कोण, सगळं तपशिलानं आहे. मीर बकावल हा त्या खात्याचा प्रमुख. हे पद सांभाळणाऱ्या हकीम हुमामचं नावही इतिहासाला माहीत आहे. हाच अबुल फजल चित्रकारांच्या प्रकरणात दसवंत आणि बसावन यांची नावं घेतो. दसवंत तर पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगा, पण त्याचा हात मोठा म्हणून त्याचं नाव ग्रंथात आलं. गवय्यांत तानसेन आहे. स्वयंपाकघराच्या पानांवर आचारी मात्र नुसते 'आचारी'च राहतात. दहा शेर तांदूळ मोजला गेला, तो शिजवणारा मोजला गेला नाही.

तसा आपल्याला दिल्ली-आग्र्यापर्यंत जायची गरज नव्हती. परळीहून विकाराबादकडं जाणारा रेल्वेमार्ग लातूर रोड, उदगीर, भालकी करत बिदरला पोचतो. भालकीच्या पश्चिमेला, रेल्वेपासून थोडं आत, बसवकल्याण आहे. चालुक्यांची कल्याणी ती हीच. तिथला राजा तिसरा सोमेश्वर यानं ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. पाच भाग आणि प्रत्येक भागात वीस प्रकरणं. त्यात राज्यकारभार आहे, हत्ती आहेत, रत्नपरीक्षा आहे, अत्तरं आहेत, शेवटचा भाग तर खेळांचाच आहे. आणि अन्नाचं एक खमंग प्रकरण आहे. उडदाची इडरिका, म्हणजे आजच्या इडलीची आजी, तिथं सापडते. धोसक, वडे आणि मांडे सापडतात. शेतातले उंदीर भाजून खायची कृतीही सापडते. राजाच्या ताटात उंदीर! कोण काय खातं यावरून आज ज्यांच्या भुवया वर जातात त्यांनी हे प्रकरण सवडीनं वाचावं.

त्या ग्रंथात एक नोंद अशी आहे की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी म्हणतात. मराठी वाङ्मयाचे अभ्यासक ती ओवीच्या जुनेपणाचा पुरावा म्हणून देतात आणि ते बरोबरच आहे. मी ती दुसऱ्या कारणासाठी जपून ठेवली आहे. सबंध ग्रंथ राजाच्या उपभोगाविषयी बोलतो, आणि या एका ठिकाणी धान्य कांडणाऱ्या बाईचा आवाज आत येतो. तोही संगीताच्या चर्चेत. अन्नाच्या प्रकरणात तिला जागा नाही.

पंधराव्या शतकाच्या शेवटी माळव्यात मांडूचा सुलतान गियासुद्दीन खिलजी यानं असाच एक ग्रंथ करवून घेतला, 'नेमतनामा'. तो फारसीत आहे, पन्नास चित्रांसह, आणि आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. बहुतेक चित्रांत मिशाळ सुलतान आणि त्याच्याभोवती काम करणाऱ्या बायका: कुणी ढवळतेय, कुणी लाटतेय, कुणी चुलीपाशी वाकलीय. इथं निदान हात तरी दिसतात. ग्रंथाची गंमत अशी की समोसा एकदा सांगून तो थांबत नाही. आणखी एक तऱ्हा, आणखी एक तऱ्हा, असं चालूच राहतं. आणि समोश्यांच्या शेजारीच विडे, अत्तरं, उटणी, औषधं, शिकारीला जाताना सोबत काय न्यावं याच्या सूचना. व्हिडिओ गेममध्ये रांधणं आणि कारागिरी यांचे दोन वेगळे दरवाजे असतात, एकावर पातेलं आणि एकावर हातोडा. सोमेश्वराला आणि गियासुद्दीनला अशी भिंत माहीत नव्हती. कस्तुरी अत्तरात जाते तशीच पदार्थातही जाते, आणि गुलाबपाण्याला तर कुठल्याच खोलीची मनाई नाही.

आपल्या मराठी दरबारातही तेच. शिवकालीन कागदपत्रांत अठरा कारखान्यांचा उल्लेख येतो. कारखाना म्हणजे धुराडं नव्हे, तर सरकारी वस्तू जिथं ठेवतात आणि बनवतात ते खातं. त्यात तोफखाना, जवाहीरखाना यांच्या बरोबरीनं मुदपाकखाना येतो. मुदपाक हा शब्द वर्गात फळ्यावर लिहिला की पोरं 'पाक' बघून तो संस्कृत ठरवून मोकळी होतात. तो अरबी मतबख आहे. मराठीच्या चुलीवर शिजून मऊ झालेला. शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं झालेल्या 'राज्यव्यवहारकोशा'त फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तेव्हा शब्दांचे वर्ग पाडले होते: शस्त्रवर्ग, दुर्गवर्ग, भोग्यवर्ग, पण्यवर्ग आणि इतर. गेमची आयटमची यादी करणाऱ्यांनी हा कोश जरूर उघडून बघावा. निम्मं काम झालेलं आहे.

एवढं झाल्यावर विद्यार्थ्यानं विचारलं, "सर, फँटसीचं काय? हा सगळा इतिहास झाला."

फँटसी म्हटली की उर्दूवाल्याला एकच नाव आठवतं. अमर अय्यार. 'दास्तान-ए-अमीर हमजा'मधला हा लुच्चा, चपळ, कमालीचा कंजूस नायक. अकबरानं या दास्तानची शेकडो चित्रं काढून घेतली होती. लखनौच्या नवलकिशोर प्रेसनं १८८३ पासून ती उर्दूत छापायला घेतली ती सेहेचाळीस जाडजूड खंडांवर थांबली. त्यातला 'तिलिस्म-ए-होशरुबा' मुहम्मद हुसैन जाह आणि नंतर अहमद हुसैन कमर यांनी लिहिला. अमरजवळ एक झोळी आहे, तिचं नाव जंबील. तिच्यात काहीही मावतं: तंबू, खजिना, माणसं, अख्खी शहरं. गेममध्ये खेळणारा दोनशे दगड, चाळीस मासे आणि सात तलवारी पाठीवर घेऊन पळतो आणि त्याला घाम येत नाही. ती जंबीलच आहे. फरक इतकाच की अमर प्रत्येक कवडीचा हिशेब ठेवतो आणि खर्च झाला की ऊर बडवतो.

पण झोळीपेक्षा अमरची दुसरी कला मला जास्त महत्त्वाची वाटते. शत्रूच्या छावणीत शिरायचं असेल तर अय्यार कुणाचं तरी सोंग घेतात. कधी आचारी, कधी मिठाईवाला, कधी साकी. मग पदार्थात किंवा मद्यात बेहोशीची भुकटी कालवायची, जादूगार लुढकला की काम उरकायचं. होशरुबाच्या पानापानावर हा प्रकार आहे. रांधणं हे तिथं हत्यार आहे, जखम भरायचं औषध नाही. आणि अमरजवळ अंगावर पांघरली की माणूस दिसेनासा होतो अशी गलीम असूनही त्याला आचाऱ्याचं सोंग घ्यावंसं वाटतं. का? ताट घेऊन येणाऱ्याच्या तोंडाकडं कुणी बघत नाही. दरबार अन्नाकडं बघतो. आणणारा आधीच अदृश्य असतो.

अबुल फजलच्या पानांतली ती मोकळी जागा दास्तानगोला पुरती ठाऊक होती. त्यानं तिच्यातून गोष्ट काढली. मी विद्यार्थ्याला म्हणालो, तुझ्या गेममध्ये हे घाल. तलवार घेऊन गेलास तर दारावर अडवतील, शेगडी घेऊन गेलास तर आत सोडतील.

रांधण्याचं असं जमत आलं. कारागिरीचा प्रश्न जास्त अवघड निघाला, आणि त्याला मी बिदरचं उदाहरण दिलं. बिदरी काम आपल्या भागात अनेकांनी पाहिलेलं असतं, लग्नात भेट मिळालेली डबी नाहीतर फुलदाणी, काळीभोर आणि तिच्यावर चांदीच्या वेली. बहामनींच्या काळात इराणी कारागिरांच्या हातून ही कला इथं रुजली असं सांगतात. आता ती गेमच्या भाषेत लिहून बघू. जस्त अधिक थोडं तांबं अधिक चांदीची तार, बरोबर बिदरी सुरई. चौकटीत तीन वस्तू ठेवा, टिचकी मारा.

प्रत्यक्षात काय होतं? जस्तात थोडं तांबं मिसळून ते मातीच्या साच्यात ओततात. वस्तू निघते ती राखाडी, ओबडधोबड. ती कानशीनं घासून गुळगुळीत करायची. मग मोरचूद चोळून तात्पुरती काळी करायची, कारण पांढुरक्या धातूवर नक्षीची रेघ दिसत नाही. त्या काळ्यावर कारागीर टोकदार हत्यारानं हातानंच नक्षी उठवतो. मग छिन्नीनं खोदतो. खोदलेल्या खाचेत चांदीची तार हातोडीनं ठोकून बसवतो. पुन्हा घासतो, आणि पहिला काळेपणा सगळा जातो. आता चांदी आणि जस्त दोन्ही एका रंगाचे, सगळी मेहनत दिसेनाशी. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागराबरोबर पाण्यात उकळून वस्तू त्यात घालतात. जस्त कायमचं काळं होतं, चांदीला काही होत नाही. तेलाचा हात फिरवला की झालं.

ती माती कुठलीही चालत नाही. किल्ल्याच्या जुन्या बांधकामाच्या आडोशाची, वर्षानुवर्षं ऊन-पाऊस न लागलेली माती लागते. तिच्यात क्षार साठलेले असतात, त्याच सोऱ्याच्या जातकुळीतले. आणि माती योग्य आहे की नाही हे कारागीर जिभेवर ठेवून ठरवतो. होय, चाखून. अबुल फजलच्या मीर बकावलसारखाच, फक्त याच्या तोंडी बिर्याणीऐवजी माती.

विद्यार्थी फोनवर गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे सर, एक जिन्नस असा की जो म्हणजे एक जागा आहे." त्याला नेमकं कळलं होतं. ही माती दुकानात विकत मिळता कामा नये. ती गोळा करायला त्याच भिंतीखाली जावं लागलं पाहिजे, आणि उस्तादानं शिकवल्याशिवाय खेळणाऱ्याला चांगली माती आणि वाईट माती एकसारखीच दिसली पाहिजे. शागिर्दीचे दिवस काढल्यावर मग हळूहळू फरक कळावा. गेममध्ये नवी कृती शिकायची म्हणजे जमिनीवर पडलेला कागद उचलायचा. आपल्याकडं कृती कागदावर क्वचितच होती. ती उस्तादाच्या मनगटात होती आणि मनगट मुलाला किंवा शागिर्दालाच मिळायचं.

इथं एक धोका आहे आणि तो मी त्याला लगेच सांगितला. मनगट मुलालाच मिळायचं, या वाक्यात जातीची सगळी कहाणी आहे. गेमच्या सुरुवातीला खेळणारा धंदा निवडतो: मी लोहार होणार, मी वैद्य होणार. आपल्या गावगाड्यात ही निवड जन्माच्या आधी झालेली असायची. त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' १९१५ सालचं. त्यात बलुतेदारी कशी चालायची ते बारकाव्यानिशी आलं आहे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, महार, मांग, गुरव, जोशी आणि आमच्यातला मुलाणीही. गावोगावच्या याद्या थोड्या वेगळ्या, पण तत्त्व एक. वस्तूमागे पैसा नाही. वर्षभर काम करायचं आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यायचा. वाट्यांनाही थोरली, मधली, धाकटी अशा पायऱ्या. बाहेरच्याला हे सहकाराचं गोड चित्र वाटतं. गेमवाल्यांना तर फारच वाटतं, कारण पडद्यावर छान दिसतं: पिंपळाचा पार, भात्याचा धूर, गाणी. पण दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हेच नाव दिलं ते गोड आठवण म्हणून दिलं नव्हतं. काम ठरलेलं, वाटा दुसऱ्याच्या मर्जीवर, आणि सोडून जायची वाट बंद. तुझ्या गेमच्या गावात खेळणारा पाहुणा असेल तर त्याला पाहुण्यासारखं वागव, मी म्हणालो. लोहार कुणीही होऊ शकतो असं खोटं दाखवू नकोस. आणि एखाद्या लोहाराच्या मुलीला लोहार व्हायचं असेल किंवा एखाद्याला बलुतं टाकून शहराकडं पळायचं असेल, तर त्या गोष्टीला तिलिस्मापेक्षा जास्त जागा दे.

माझं घराणं पिंजाऱ्यांचं. पिंजारी बाराच्या यादीत सहसा नसायचा. तो फिरता. आजोबा हिवाळ्याच्या तोंडाला पिंजण खांद्यावर टाकून परळी-अंबाजोगाईच्या आसपासची गावं करायचे. माणसाएवढी लांब कमान, तिला ताणलेली तात, आणि हातात लाकडी दस्ता. तातेवर दस्त्याचा ठोका बसला की ती झणझणते आणि तिच्यावर आलेला कापूस फुटून हवेत उडतो, ढगासारखा. गावातली पोरं तो आवाज ऐकून धावत यायची, असं वडील सांगत.

आता रजई गेमच्या चौकटीत ठेवा. कापूस पाच, कापड दोन, बरोबर एक रजई. प्रत्यक्षात कापूस शेतकऱ्याचा, सरकी काढलेली जिनिंगवर किंवा घरच्या चरकावर, कापड मोमिनाच्या नाहीतर साळ्याच्या मागावरचं, रंग रंगाऱ्याचा, पिंजणं आजोबांचं, आणि शेवटी टाके घरातल्या बायकांचे, दुपारच्या वेळी पाय पसरून घातलेले. एका माणसाला एकट्यानं रजई बनवता येत नव्हती. गेमचा नायक ती तीन सेकंदांत एकटा बनवतो आणि पांघरून पुढं जातो. मला तो नायक जादूगारापेक्षा अजब वाटतो.

आणखी एक. गेममध्ये जीव दाखवणारी लाल पट्टी लढाईतच कमी होते. आजोबांची पट्टी कापसाच्या धुळीनं कमी होत गेली. नाका-तोंडाला फडकं बांधायचे, तरी छाती भरायची ती भरलीच. उतारवयात त्यांच्या खोकल्याच्या आवाजानं आम्ही घड्याळ लावायचो. पुढं पिंजायची मशीन आली आणि कमान माळ्यावर गेली. मशीन वाईट होती असं मी म्हणणार नाही. माझ्या वडिलांची छाती तिच्यामुळं वाचली.

वेळेविषयी मात्र विद्यार्थ्यानं मला चकित केलं, त्याला काहीतरी नवं हवं होतं आणि ते आमच्या स्वयंपाकघरात निघालं. शेवया. आमच्याकडं, शेजारच्या हिंदू घरांतही, शेवया होतात त्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात. गहू भिजवून, दळून, पीठ मळून, लांबवत लांबवत तारा काढायच्या आणि खाटेवर किंवा काठीवर वाळत घालायच्या. ऊन कडक पाहिजे. पण शीरखुर्मा लागतो ईदला, आणि ईद चांद्र हिजरी सनाप्रमाणं दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकते. कधी ती उन्हाळ्यात, कधी भर पावसात, कधी थंडीत. म्हणजे जिन्नस एका पंचांगावर चालतो आणि सण दुसऱ्या. मधला सगळा हिशेब बाईच्या डब्यांचा: किती करायच्या, किती महिने पोरक्या होऊ द्यायच्या नाहीत, पोरखिडा लागला तर काय. दख्खनच्या राज्यकर्त्यांनाही ही अडचण होतीच. चांद्र सनावर सारा वसूल करता येत नाही, कारण पीक चंद्राकडं बघून येत नाही. म्हणून मराठी कागदपत्रांत शुहूर सन दिसतो. मृगात सूर्य गेला की तो बदलायचा, म्हणून त्याला मृगसालही म्हणत. निजामाच्या राज्यात फसली सन होता, माझ्या आजोबांच्या पिढीला तो सवयीचा होता.

विद्यार्थ्यानं हे उचललं. त्याच्या गेममध्ये आता दोन पंचांगं फिरतात. एकावर शेत आणि रानमेवा चालतो, दुसऱ्यावर उरूस, जत्रा आणि सण. उन्हाळ्यात साठवण केली नाही तर सणाला आलेल्या पाहुण्यासमोर खेळणाऱ्याची फजिती होते. मरत नाही, फक्त फजिती. आपल्याकडं ती जास्त लागते.

अशा खेळांचे थोडे दाखले आता सापडू लागले आहेत. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० साली आला, हिंदू आणि बाली मिथकांवरचा. त्याची चित्रं फार देखणी आहेत. त्याचा जीव मात्र लढाईत आहे. चुलीच्या जवळ आलेला खेळ म्हणजे २०२३ चा 'वेंबा', कॅनडात गेलेल्या एका तमिळ कुटुंबाचा. त्यात आईच्या पाककृतींची वही फाटलेली, पुसट झालेली असते आणि गाळलेली पायरी खेळणाऱ्यानं अंदाजानं भरायची. छोटासा खेळ आहे, दीड-दोन तासांचा. मी तो खेळून पाहिला आणि इडल्या दोनदा बिघडवल्या.

आमचा वाद एका ठिकाणी अजून चालू आहे. तो म्हणतो, सर, प्रत्येक वस्तूला पाच माणसांकडं पाठवलं तर खेळणारा कंटाळून बंद करेल. त्याचं म्हणणं खोटं नाही, धंदा त्याचा आहे. तडजोड अशी निघाली की जंबील राहील, तिच्यात हवं ते मावेल, पण तिच्या आत काहीच तयार होणार नाही. बनवायचं असेल तर कुणाच्या तरी दारात जायचं. आणि त्याच्या तक्त्यात जिन्नस, प्रमाण, संख्या यांच्यापुढं एक रकाना वाढला: कुणी केलं. आईन-ए-अकबरीवरून घेतलेल्या ओळींत तो रिकामा आहे आणि रिकामाच ठेवायचा असं आमचं ठरलं आहे. बिदरीच्या ओळीत उस्ताद आणि शागिर्द आहेत. रजईच्या ओळीत सहा जण आहेत. त्यांतल्या पिंजाऱ्याच्या तातेचा आवाज त्याला खराखुरा हवा आहे. माळ्यावरची कमान मी उतरवून पुसून ठेवली आहे. तात तुटलेली आहे, ती ओढून देणारं कुणी भेटतं का ते अंबाजोगाईत विचारतो आहे.